मतदान चालू असताना

४ नोव्हेंबर १९८०. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे सव्वाआठ वाजले आणि एनबीसी वाहिनीने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रोनाल्ड रेगन जिंकल्याचे सांगून टाकले. कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. मतदान आठपर्यंत चालायचे होते. तिथे सात वाजायच्या आत रेगन यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांनी पराभवही मान्य केला.

सव्वापाच ही कामावरून सुटलेली माणसे मतदान केंद्राकडे वळण्याची वेळ. गाडीतल्या रेडिओवर निकाल ऐकून कोणी परस्पर घरी गेला असेल, तर त्याला दोष देववत नाही. पण त्या दिवशी मत द्यायचे होते ते काही एकट्या राष्ट्राध्यक्षासाठी नव्हे. काँग्रेसचा प्रतिनिधी निवडायचा होता, राज्य विधिमंडळाचे सदस्य निवडायचे होते. धूम्रपानावर निर्बंध घालावेत का, हा प्रश्नसुद्धा कॅलिफोर्नियाने मतदारांपुढे ठेवला होता.

लॉस एंजेलिसचे जेम्स कॉर्मन वीस वर्षे प्रतिनिधिगृहात होते. ते ७५२ मतांनी पडले. घरी परतलेल्यांमुळेच पडले, असे मी म्हणणार नाही. रेगन यांची लाट मोठी होती, आणि परतणारे एकाच पक्षाचे थोडेच असतील! अभ्यासकांतही यावर एकमत नाही. तरी तो ७५२चा आकडा मनातून जात नाही. एवढी माणसे संध्याकाळच्या गर्दीत चार-पाच केंद्रांवर सहज दिसतात.

हाती आलेली बातमी दाबून ठेवायची का, असे वाहिन्या विचारतात. थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते. पावणेतीन तासांनी निकाल शिळा होत नाही. मतदाराचा हक्क मात्र आठच्या ठोक्याला संपतो.

आपल्याकडे शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्यानेच बंदी आहे. डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची मतमोजणी ३ तारखेला व्हायची होती. काही ठिकाणचे मतदान २० तारखेवर गेले, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळेच निकाल २१ तारखेपर्यंत थांबवले. उमेदवारांचा जीव टांगणीला लागला, मतदान यंत्रांवर पहारा ठेवावा लागला. हा त्रास खराच. तरीही तो निर्णय योग्यच होता.