जड पाणी आणि जुन्या नळ्या

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे आमचे गाव. इथे पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देताना घरधनीण हटकून म्हणते, "पाणी जरा जड आहे हं आमचं." तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरी खपली धरते. ही खपली आम्ही चिंच लावून घासतो, नाही निघाली तर भांडे मोडीत काढतो. भिंतीच्या आत दडलेल्या नळीला मात्र चिंचही लागत नाही आणि तिची मोडही कोणी करीत नाही.

आमचे घर मामंजींनी 1986 साली बांधले. छपरावर सिमेंटची टाकी, तिथून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या आणि न्हाणीघरात पितळी तोट्या. प्रत्येक सांध्याला आटे पाडून, सूत गुंडाळून, वर सफेदा लावून ते काम त्यांनी स्वतः उभे राहून करून घेतले होते. त्याआधी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आडाचे पाणी शेंदून डोक्यावरून आणीत. तोटी फिरवली की घरात पाणी येते, हे सुख त्यांना वयाच्या चाळिशीनंतर मिळाले. त्यामुळे त्या नळीला हात लावायचा म्हटले की त्यांचा चेहरा बदलत असे.

पाणी जड का होते, याचे उत्तर आमच्या पायाखालीच आहे. मराठवाड्याची भूमी काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कर्बवायू सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. आमच्या रानात नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे हे त्याच क्षारांचे दुसरे रूप. पाऊस कमी, त्यामुळे भूगर्भात नव्या पाण्याची भर थोडी. विंधन विहिरी मात्र वर्षागणिक खोल चालल्या आहेत. खडकाच्या सहवासात जितका काळ अधिक, तितके पाणी जड.

भारतीय मानक ब्यूरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. आमच्या पाण्याचा आकडा या दुसऱ्या मर्यादेच्याही थोडा वर निघाला. 600 चाच हिशेब धरला तर वीस लिटरच्या घागरीत बारा ग्रॅम क्षार होतात. रोज पाचशे लिटर पाणी वापरणाऱ्या घरातून दिवसाला तीनशे ग्रॅम क्षार वाहतात. ते सगळेच नळीत अडकत नाहीत, बहुतेक वाहूनच जातात. पण त्यातला अगदी थोडा अंशही जवळपास चाळीस वर्षे थरावर थर चढवीत राहिला, तर काय होईल हे सांगायला गणित येण्याची गरज नाही.

परिणाम सावकाश दिसतो, आणि तो प्रथम घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला भोगावा लागतो. आमच्या शौचालयातली पाण्याची टाकी भरायला एकेकाळी दोन-तीन मिनिटे लागत, ती अर्ध्या तासावर गेली. आम्ही तरणी माणसे ड्रममधून बादली भरून ओतीत होतो. ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंचे गुडघे गेलेले. रात्री उठून बादली उचलणे त्यांना जमत नव्हते आणि आपल्यामागे शौचालय तसेच ठेवून येणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कोणाला उठवायचे नाही, काही मागायचे नाही, हा त्यांच्या पिढीचा नेम. त्यांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला: दुपारनंतर पाणी पिणेच थांबवले. घरात त्याची वाच्यता केली नाही.

उन्हाळ्यात त्यांना ताप आला, बोलण्यात असंबद्धपणा आला. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शरीरातले कमी झालेले पाणी, असे निदान झाले. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. त्यात मुद्दाम पाणी टाळले तर संसर्गाला वाट मोकळी होते, आणि या वयात तो पुष्कळदा लघवीच्या तक्रारीऐवजी गोंधळलेपणाच्या रूपाने प्रकट होतो. डॉक्टरांनी दिवसभर थोडे थोडे पाणी पिण्यास बजावले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पिईन हो, पण रातच्याला फ्लॅशला पाणी कुठं हाय?" औषधाची चिठ्ठी हातात घेऊन मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी नळकाम करणाऱ्या मुलाला बोलावणे धाडले.

त्याने न्हाणीघराच्या वळणावरचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. बाहेरून अर्ध्या इंचाची नळी, आत मात्र पेन्सिल जेमतेम जाईल एवढे भोक. भोवती पिवळट पांढऱ्या क्षाराची वलये, मध्ये मध्ये गंजाचे तांबडे पट्टे. नळीचा पोकळ व्यास निम्मा झाला की पाणी निम्मे येते असे आपल्याला वाटते. वास्तविक ते पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर, कधी त्याहूनही खाली उतरते. छपरावरच्या टाकीला जोर तो किती असणार! "काकू, ॲसिड सोडून साफ करता येतं, पण गंजानं जिथं पत्रा पातळ झालाय तिथं भोक पडंल," असे तो म्हणाला. मला त्याचे म्हणणे पटले. क्षार काढल्यावर खाली धड नळी उरलेली असेल याची खात्री नव्हती.

आत्याबाईंची हरकत अपेक्षितच होती. "तुझ्या सासऱ्यानं बसवल्यात त्या. लोखंड हाय ते, प्लॅस्टिक न्हाई." त्यांना मी वाद घालून जिंकले नाही. तो कापलेला तुकडा त्यांच्या हाती दिला. बोट आत घालून त्यांनी चाचपून पाहिले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "लई सोसलं की यानं." तीच त्यांची संमती समजून काम सुरू झाले.

गरम पाणी सोसणारी सीपीव्हीसीची नळी आम्ही निवडली. तिला गंज चढत नाही आणि तिच्या गुळगुळीत अंगावर क्षार लोखंडाइतका सहज धरत नाही. पण मुळीच धरत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. नळ्या भिंतीत गाडण्याऐवजी भिंतीवरूनच नेल्या. दिसायला त्या बऱ्या दिसत नाहीत, हे मान्य. पण पुढच्या वेळी भिंत फोडावी लागणार नाही आणि गळती त्याच दिवशी दिसेल. म्हाताऱ्या माणसाच्या घरात ओली फरशी ही दिसण्यापेक्षा मोठी बाब आहे.

घरात वृद्ध असताना असे काम काढणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. शौचालयाची नवी नळी आधी जोडून घ्यावी, बाकीचे नंतर. आम्ही चार दिवसांकरिता खुर्चीचे कमोड आणून त्यांच्या खोलीत ठेवले. फोडकामाची धूळ छातीला बाधते, म्हणून त्या वेळी त्यांना शेजारच्या ओसरीवर बसवले. सांधे चिकटवल्यावर एक दिवस नळ्या तशाच वाळू दिल्या, मग पाणी भरून रात्रभर गळती तपासली आणि पहिल्या धारेचे पाणी बराच वेळ वाहू दिले. तोट्या फिरवायच्या पिळाच्या न घेता दांडीच्या घेतल्या. संधिवाताच्या बोटांना पीळ देता येत नाही. दांडी मनगटानेही ढकलता येते.

नव्या नळ्यांमुळे एक नवा धोकाही निर्माण झाला, त्याची मला आधी कल्पना नव्हती. जुन्या तोटीतून गरम पाण्याची करंगळीएवढी धार येई. आता ते एकदम, पुऱ्या जोराने येऊ लागले. साठ अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकते, आणि वृद्धांची त्वचा पातळ, मधुमेह असेल तर पायांची जाणीवही कमी. गिझरचा काटा आम्ही पन्नासच्या खाली उतरवला. आधी थंड सोडायचे, मग गरम, आणि अंगावर घेण्यापूर्वी कोपर बुडवून पाहायचे, असा क्रम ठरवला. काटा खाली आणल्याचा दुसरा लाभ असा की पाणी जितके कमी तापते तितका क्षारही कमी सुटतो.

जड पाण्याने मूतखडा होतो, ही समजूत आमच्याकडे घट्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खड्याला पाणी कमी पिणे हे कितीतरी मोठे निमित्त. तेव्हा पाणी जड आहे म्हणून कमी पिऊ, हा विचार उलट अंगावर येतो. पाणी तपासून घ्यायचे ते नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी. ते जास्त निघाले तर मात्र पाणी उकळून उपयोग नाही, कारण आटलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. तिथे आरओ यंत्र कामाला येते. पाणी मृदू करणारे मिठाचे यंत्र बसवण्याचा सल्लाही आम्हांला मिळाला. ते कॅल्शियम घेऊन त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडते. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ मोजून खायला सांगितले आहे, त्यांनी असे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आम्ही ते यंत्र घेतले नाही.

तोट्यांच्या जाळ्या मी पंधरवड्याला काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालते. फरशीसाठी बाजारात मिळणारे तीव्र ॲसिड घरात आणणे बंद केले आहे. ते चुकून ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात दम्याच्या माणसाला तो प्राणावर बेतू शकतो.

टाकी आता तीन मिनिटांत भरते. आत्याबाईंच्या उशाशी रात्री तांब्या असतो आणि सकाळी तो रिकामा असतो, एवढे मी पाहते, बोलत काही नाही. स्वयंपाकघराची नळी अजून जुनीच आहे. पैसे तेवढेच होते. कापूस घरी आला की दिवाळीनंतर तिचे पाहू, असे ठरले आहे, तोवर डाळ भिजत घालून ठेवते.