पाठीवरच्या नोंदी

माझ्या नातवाला तान्हेपणापासून इसबाचा विकार आहे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत लाल चट्टे उठत, आणि रात्री खाजवून खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत. एका दवाखान्यात निव्वळ रक्ततपासणीच्या आधारे दूध, गहू, अंडी, शेंगदाणे असे कित्येक जिन्नस वर्ज्य ठरवणारी यादी आमच्या हाती देण्यात आली, आणि वाढत्या वयाच्या या पोराने खावे तरी काय, या विवंचनेत माझी सून असतानाच पुण्यातील एका बालरोगतज्ज्ञांनी त्वचाचाचणीची शिफारस केली.

चाचणीपूर्वी काही दिवस खाजेचे औषध बंद ठेवावे लागते, कारण त्याच्या अंमलाखाली त्वचा जबाबच देत नाही. त्या रात्री आम्ही आळीपाळीने त्याला मांडीवर घेऊन जागून काढल्या. प्रत्यक्ष चाचणी मात्र लवकर उरकली. पाठीच्या निरोगी भागावर पेनाने खुणा करून डॉक्टरांनी प्रत्येक खुणेपाशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्या थेंबातून त्वचा इतकी हलकेच टोचली की रक्त आले नाही. सोबत एक थेंब हिस्टामिनचा, जेथे गांध उठलीच पाहिजे, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जेथे ती उठता कामा नये. या दोहोंवाचून बाकीच्यांचा अर्थ लावता येत नाही. पंधरा मिनिटांनी पारदर्शक पट्टी लावून मोजणी झाली: अंड्याची गांध ६ मिलिमीटर, शेंगदाण्याची ४, दूध आणि गहू निरंक.

३ मिलिमीटरचा दंडक ओलांडलेला पाहून सुनेचा चेहरा उतरला.

"शेंगदाण्याची चटणी खातो का हा?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज खातो. काही होत नाही."

"मग मुळीच बंद करू नका."

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली असल्याने, फेरफाराची नोंद म्हणजे मालकी हक्क नव्हे, हे मला पुरते ठाऊक होते. म्हणून गांध ही शरीराची नोंद आहे, रोगाचा फैसला नव्हे, हे मला तत्काळ उमगले. इसबाच्या मुलांत अशा गांधी पुष्कळदा उठतात आणि तरीही तो पदार्थ त्यांना बिनतक्रार पचतो. तोच विनाकारण तोडला, तर पोषणाची हानी होतेच, शिवाय अंगवळणी पडलेली सहनशीलता नाहीशी होऊन पुढे तो खरोखरच बाधण्याचा संभव असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, शेंगदाण्याची लहानशी गांध उठलेल्या तान्ह्या बालकांपैकी ज्यांना शेंगदाणे वर्ज्य ठेवले त्यांच्यातील सुमारे ३५ टक्क्यांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी आढळली, आणि ज्यांना ते नियमित खाऊ घातले त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आत राहिले. हे वाचल्यापासून, केवळ कागदावरच्या यादीवरून लेकरांच्या ताटातले अन्न काढून घेतले जाते याचे मला अतोनात दुःख होते.

अंड्याची गोष्ट निराळी. ते प्रथम चाखताच काही मिनिटांत त्याचे ओठ सुजले होते आणि ओकारी झाली होती; तेथे नोंद आणि इतिहास यांचा मेळ बसला, म्हणून अंडे तूर्त बंद आहे. बहुतेक मुलांत ही अ‍ॅलर्जी वयाबरोबर ओसरते. तेव्हा पुढील वर्षी पुन्हा चाचणी करून, अनुकूल दिसल्यास इस्पितळातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कणाकणाने अंडे देऊन पाहायचे ठरले आहे. इसबासाठी स्नानानंतर ओलसर अंगावर मलम चोळण्याचा परिपाठ आहे, आणि ते काम सुनेने माझ्याकडे सोपवले आहे.