स्टिकर

२०१४ साली बारावीनंतर अमरावतीला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि बाबांनी पीसी घ्यायचं ठरवलं. अकोल्यात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटरवाल्याने दोन कोटेशन दिली, एक इंटेलचं, एक एएमडीचं. दुसरं साडेतीन हजारांनी स्वस्त. "पण लोक म्हणतात, हा गरम होतो," तो म्हणाला. बाबा हसले. "गरम होते म्हून मोटार कोनी फेकून देते काय? पंखा मोठा लाव."

पीसी अमरावतीच्या रूमवर आला. पहिल्याच रात्री मी कॅबिनेटवरचा एएमडीचा स्टिकर नखाने खरवडून काढला. रूमपार्टनरने विचारलं तेव्हा म्हणालो, "आय-थ्री आहे." मला वाटायचं, तो स्टिकर म्हणजे आमच्या घरच्या पैशाचा आकडाच आहे.

ही 'दुसरी' असल्याची लाज त्या कंपनीच्या वाट्याला जुनीच. इंटेल १९६८ची, एएमडी १९६९ची. आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून १९८२च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच डिझाइनचे प्रोसेसर बनवू लागली. पुढे ३८६चं डिझाइन द्यायला इंटेलने नकार दिला. भांडण लवादाकडे आणि कोर्टात गेलं. एएमडीचा स्वतःचा ३८६ बाजारात यायला १९९१ उजाडलं.

मग गोष्टीत आपला एक माणूस येतो. पुण्यात जन्मलेले विनोद धाम. इंटेलच्या पेंटियममागचं मोठं नाव. १९९५ला त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती एएमडीने विकत घेतली आणि १९९७ला के-सिक्स आला. तो बसायचा पेंटियमच्याच सॉकेटमध्ये!

मला यातलं काही माहीत नव्हतं. थर्ड इयरला रूमपार्टनरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला घेतलं. फाइलच्या नावात होतं 'एएमडी६४'. तो म्हणाला, "माह्या लॅपटॉप तं इंटेलचा हाय. हे कसं चालीन?"

रात्रभर वाचलं. सकाळी त्याला मूर्तिजापूरचं उदाहरण दिलं. अचलपूरहून शकुंतला यायची ती नॅरोगेजवर. मूर्तिजापूरला उतरायचं, गाठोडी उचलायची, ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचं. ६४ बिटसाठी इंटेलने आयटेनियम काढला, तो असाच वेगळा रूळ होता. जुने प्रोग्राम त्यावर रखडायचे. एएमडीने २००३ला जुनाच रूळ रुंद केला, आणि जुन्या गाड्याही त्यावरून धावत राहिल्या. पुढच्याच वर्षी इंटेलनेही तो स्वीकारला. म्हणून त्याच्या इंटेलवाल्या लॅपटॉपसाठीही एएमडीचं नाव.

एवढं बोलल्यावर राहवलं नाही. "माझा पीसीपण एएमडीचाच आहे."

"मले मालूम हाय बे," तो म्हणाला. "चालू होताना स्क्रीनवर नाव येते ना."

अडीच वर्षं! आणि तो एकदाही बोलला नव्हता.

मी स्टिकर खरवडला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लिसा सू एएमडीच्या सीईओ झाल्या होत्या. शेअर तीन डॉलरच्या आसपास. २०११च्या बुलडोझरने निराशा केली होती, कारखाने आधीच वेगळे काढलेले. त्यांनी नवं डिझाइन पूर्ण होऊ दिलं आणि मार्च २०१७ला रायझन आला. २०२२मध्ये बाजारमूल्यात एएमडी इंटेलच्या पुढे गेली, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आपला तं अजून चालू हाय."

तो पीसी आता दुकानात बिलं काढतो. मागच्या दिवाळीत पाहिलं, खरवडलेल्या जागी बाबांनी दुकानाचा, फोन नंबरवाला स्टिकर लावलाय, दुरुस्त केलेल्या मोटारींवर लावतात तोच.

"इथं कायतरी होतं पहिले," ते म्हणाले. "निंघून गेलं वाटते."

मी पंख्यावरची धूळ पुसत राहिलो.