पात्र, अपात्र, प्रलंबित

1.
अकोट रोडवरचं एक सेवा केंद्र. म्हाताऱ्याचा अंगठा लागत नाही. केंद्रातली पोरगी ओल्या फडक्यानं बोट पुसते, पुन्हा ठेवते. चौथ्यांदा लागतो. "रेघाच झिजल्या व माय," तो म्हणतो.

2.
सातबाऱ्यावर महादेव, आधारवर महादेवराव, पासबुकात एम. वऱ्हाडात 'राव' मायेनं लागतं आणि कायमचं चिकटतं. गावाला हा माणूस एकच आहे हे ठाऊक. संगणकाला तिघं दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेनं आधी हे काम करावं. उच्चार, बापाचं नाव, गट नंबर एकत्र पाहून 'बहुधा एकच' असं तलाठ्यापुढं ठेवावं. सही तलाठ्याची.

3.
2017 ची कर्जमाफी. 34,022 कोटींची घोषणा, दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज. बँकांच्या याद्या आल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले.

4.
तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाच्या प्रणालीनं एका रिक्षावाल्याला चारचाकीचा मालक ठरवलं. मोटार दुसऱ्याच माणसाची होती, नाव मिळतंजुळतं. घराला रेशनकार्ड नाकारलं गेलं. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायला सांगितली.

5.
महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवर आधी सोडत होती. लोक विचारायचे, "नाव लागलं का?" 2025 पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी. मेळघाटात अजून रेंजसाठी टेकडी चढणारी गावं आहेत.

6.
जून 2025. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचं राज्याचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर, 500 कोटी.

7.
खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारं, म्हणून शेततळ्याला मोल. अर्ज परत येतो, शेरा दोन शब्दांचा: 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणता कागद? शेतकरी तालुक्याला जातो, एक दिवस बुडतो. कागद वाचू शकणारं यंत्र पहिल्याच दिवशी सरळ मराठीत सांगू शकेल: 'आठ-अ जुना आहे, नवा जोडा.' मला एवढं एक झालेलं पाहायचं आहे.

8.
शेतकरी आत्महत्येनंतरची मदत 1 लाख. 2006 च्या निर्णयानुसार 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती ठरवते. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून घेतलेले पैसे कोणत्याच नोंदीत नसतात. जे नोंदीत नाही ते यंत्राला दिसणार नाही. इथं त्याच्याकडून 'अपात्र' लिहून घेऊ नये. अपात्र ठरलेल्या जुन्या फायली काढून, त्यातल्या कोणत्या पुन्हा उघडाव्यात हे मात्र त्याला जरूर विचारावं. मग कोणीतरी त्या घरी जावं, ओसरीवर बसावं.

9.
म्हातारा अर्ध्या रस्त्यातून परत आला. "पोच दे माय." तिनं छापून दिली. त्यानं चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.