तिसरे फूल

पहिल्या मुलीचे नाव ठेवताना आमच्यापुढे सगळे रान मोकळे होते. अंगणातल्या मांडवावर जाई फुलली होती, म्हणून ती जाई झाली. तीन वर्षांनी दुसरी आली, तेव्हा फारसा विचार करावाच लागला नाही. जाईच्या पाठीवर जुईच यायची! पाकळ्यांच्या मागे गुलाबी छटा असलेली जाई आणि तिच्याहून नाजूक, लहानखुरी जुई. शेजारीपाजारी नावांचे कौतुक करीत आणि आम्ही उभयता ते विनयाने स्वीकारीत असू. या कौतुकाची फेड पुढे करावी लागणार आहे, हे काही तेव्हा ध्यानात आले नाही.

१९७९ सालच्या वैशाखात आम्हांला तिसरी मुलगी झाली आणि फुलांची परडी एकाएकी रिकामी वाटू लागली.

नावे सुचविणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. सासूबाईंनी ‘शेवंती’ सुचविले. पण शेवंती पडली थंडीतली आणि मुलगी भर वैशाखातली. शेजारच्या काकू ‘अबोली’ म्हणाल्या. नाव गोड खरे. पण अबोलीला नुसता रंग, वास नाही. दोन सुवासिक बहिणींमध्ये हिनेच उणे का राहावे? शिवाय रात्री ज्या आवाजात ती सारी आळी जागी करीत होती, तो ऐकल्यावर तिला अबोली म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. केतकीला काटे. मोगरा, गुलाब, निशिगंध, प्राजक्त ही सारी मंडळी व्याकरणाने पुरुष. चार वर्षांच्या जुईने ‘कोथिंबीर’ सुचविले. कोथिंबीर म्हणजे काही फूल नव्हे, असे जाईने तिला मोठेपणाने समजाविले. त्यावर “कोथिंबिरीलासुद्धा फुलं येतात,” असे जुईने बजावले. आणि ते खरेच होते.

बाळंतिणीला भेटायला आलेल्या एक बाई मात्र म्हणाल्या, “जाई झाली, जुई झाली, आता हिचं नाव ‘पुरेबाई’ ठेवा!”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. हसली नाही ती फक्त आत्या. ती कोपऱ्यात बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालीत बसली होती. हातातली घडी तशीच टाकून ती उठून गेली.

आत्याचे नाव नकुसा. आमच्या सातारा जिल्ह्यात हे नाव मुळीच नवलाचे नव्हते. आजोबांना मुलीवर मुली झाल्या आणि चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आता मुलगी नको हे देवाला स्पष्ट कळावे म्हणून तिचे नाव नकुसा ठेवले. पुढच्या खेपेला मुलगा झाला. तेच माझे वडील. नाव ‘लागू पडले’, असे घरात अभिमानाने सांगत. लहानपणापासून मी तो शब्द हजारदा ऐकला. पण त्याचा अर्थ कधी मनाला टोचला नाही. रोजच्या वापराने शब्द नाण्यासारखे झिजतात आणि त्यांच्यावरचे अक्षर दिसेनासे होते.

लग्नात सासरच्यांनी तिचे नाव सरस्वती ठेवले. माहेरचे नाव गेले म्हणून मुली डोळे पुसतात; ही म्हणे तांदळावरची अक्षरे पाहून हसली होती. पण चारच वर्षांनी कपाळ पांढरे करून ती परत आली. उंबऱ्यात पाऊल ठेवले न ठेवले, तोच आतून जुनी हाक ऐकू आली.

त्या रात्री ती ओट्यावर एकटीच बसली होती. मी विचारले, “आत्या, तू उठून का गेलीस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “नाव माझं होतं रे, पण ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्यामागून येणाऱ्यासाठी होतं. हिचं तेवढं हिच्यासाठी ठेव.”

तिच्यामागून आलेल्याचा मी मुलगा. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती जाई-जुईला घेऊन देवळामागच्या बकुळीखाली गेली. बकुळीची फुले तोडावी लागत नाहीत; झाडाखाली सडा पडतो, तो वेचायचा. फुलाच्या मधोमध आयतेच भोक असते, त्यामुळे सुईही लागत नाही. केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवलेला गजरा नाचवीत जुई घरी आली.

“तुमच्या जाई-जुईचा गजरा उद्या मान टाकतो,” आत्या मुलींना सांगत होती. “ही वाळते, पण वास सोडत नाही.”

“मग बाळ म्हणजे बकुळा!” जाई म्हणाली. आम्ही मोठी माणसे आठवडाभर जे शोधीत होतो, ते सात वर्षांच्या पोरीने सहज उचलून हातावर ठेवले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. मला सख्खी बहीण नाही, तेव्हा तो मान माझ्या आत्याकडे यावा हे सरळ होते. पण विधवेने बाळाच्या कानात नाव सांगायचे म्हणून बायकांत कुजबुज सुरू झाली. एरवी चारचौघांत कधी आवाज न चढविणारी माझी पत्नी बाळाला घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “नाव आत्याच ठेवतील.” आत्या पाळण्यावर वाकली. ‘कुर्रर्र’ झाले, पाठीवर बुक्क्यांचा वर्षाव झाला, तरी ती काही वर येईना. “अहो, आम्हांलाही ऐकू द्या की!” म्हणून सगळ्याजणींनी गिल्ला केला, तेव्हा ती उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बकुळा!” घुगऱ्या वाटल्या गेल्या, जुईला कोथिंबिरीचे दुःख विसरायला दोन मुठी पुरल्या.

आत्या १९९१ साली गेली. २०११ च्या दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली, की साताऱ्यात अडीचशेहून अधिक नकुसांना समारंभाने नवी नावे देण्यात आली. मुलींनी ती नावे स्वतः निवडली होती. बकुळाने मला ती बातमी मोठ्याने वाचून दाखविली आणि विचारले, “आत्याआजीनं कोणतं नाव घेतलं असतं हो?”

मला उत्तर देता आले नाही. आठवली ती बारशाची संध्याकाळ. पाहुणे पांगल्यावर मी आत्याला विचारले होते, “एवढा वेळ तिच्या कानात काय सांगत होतीस?”

“काही नाही रे,” घुगऱ्यांचे पातेले आवरीत ती म्हणाली होती. “नाव नीट ऐकू गेलं का, ते बघत होते. एकदा कानात गेलं, की ते जन्मभर निघत नाही.”