न वाजवणाऱ्याची पारख

वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणावर संचालकाचे नाव ठळक छापलेले असते, पण त्यात त्याचा स्वतःचा एकही सूर नसतो. त्याचे काम इतरांच्या वादनातूनच ओळखावे लागते. पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर असा संबंध डोळ्यांनी दिसतो. तारपावादक सुरावट बदलतो, तशी त्याच्याभोवती फिरणाऱ्या साखळीची पावले बदलतात. पावले अडखळली नाहीत, तर वादकाची पकड पक्की. संचालकाची परीक्षाही अशा सांध्यांवरच होते.

मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता १९६२ ते १९७८ या काळात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालक होते. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘आल्सो श्प्राख त्साराथुश्ट्रा’ या १८९६ च्या रचनेचे त्यांनी १९६८ साली डेका कंपनीसाठी केलेले मुद्रण आजही वाखाणले जाते. सुरुवातीलाच खर्जातला एक लांब सूर घुमतो, त्यावर ट्रम्पेट उठतात, मग टिंपनी गर्जते. हा खर्ज साधारण ३३ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ उमटतच नाही. बोईसरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये साधे इअरफोन लावले, तर पुढचे हळुवार भाग गाडीच्या खडखडाटात बुडतात. अशा ऐकण्यावरून वादन कोमट ठरवणे हा सरळ अन्याय आहे.

शांत खोलीत ऐकूनही सगळे श्रेय संचालकाला देता येत नाही. आवाजाची भव्यता पुष्कळदा सभागृहाची आणि ध्वनिमुद्रकाची असते. म्हणून मेहतांनी हीच रचना पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर मुद्रित केली, ती शेजारी ठेवून ऐकावी. वादक बदलले, कंपनी बदलली. तरीही दोन्हींत जे सारखे उरते, त्यात संचालकाचा हात शोधावा. अर्थात वाढत्या वयाबरोबर त्याचा विचारही बदललेला असू शकतो, तेवढी जागा सोडावी.

पहिली दीड मिनिटे फार काही सांगत नाहीत. ती बहुतेकांना दणदणीत साधतात. कान द्यावा तो नृत्यभागाकडे. तिथे एकल व्हायोलिन वॉल्ट्झ धरते. लय सैल सोडूनही ठेका टिकला पाहिजे. मग शेवट: वर बासऱ्या आणि व्हायोलिने एका स्वरसंगतीत स्थिरावलेली, खाली चेलो आणि डबल बेस तिच्याशी न जुळणारा सूर हलकेच छेडतात. खालचा सूर जोरात आला तर रचना संपल्यासारखी वाटते, पुसट झाला तर तो विसंवादच हरवतो. दोन्ही मुद्रणे इथे थांबवून पुन्हा पुन्हा ऐकावीत.