वाळूच्या अलीकडचे चौल

बंगळूरमधील के. आर. पुरमच्या आमच्या वसाहतीत जोडून सुट्ट्या आल्या की किनाऱ्याचे बेत सुरू होतात. कुणी गोकर्णाला निघतो, कुणी गोव्याला, आणि ज्याला ऐपत आहे तो थेट स्पेनमधील मालागाला. परंतु ज्या नगरात मूरांच्या कोटाच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह अद्याप उभे आहे, तेथून परतलेल्यांच्या बोलण्यात केवळ वाळू आणि ऊन असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रेवदंड्याचेही तसेच झाले आहे. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन चौलाचे समुद्राकडील अंग. ज्या चौलाचा निर्देश टॉलेमीने केला, जेथे दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी आणि पंधराव्यात रशियन व्यापारी निकितीन येऊन गेला, त्याचे वैभव पाहायचे तर पुळणीकडे पाठ करून पोर्तुगीजांच्या कोटाच्या तटाआत शिरावे. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाचे पाणी, आणि मधूनच छत हरपलेल्या चर्चची कमान, जिच्या सांध्यांत वडाची मुळे इतकी खोल रुतली आहेत की आता झाडाने दगड धरला आहे की दगडाने झाड, हे सांगवत नाही. सातखणी मनोऱ्यापाशी जुन्या तोफा गवतात पडून आहेत.

आम्हां बंगळूरकर मराठी माणसांना तर हे स्थळ परके नव्हेच. चौल हे निजामशाहीचे बंदर. ती बुडती सल्तनत सावरण्यासाठी झटलेले शहाजीराजे पुढे आदिलशाही चाकरीत बंगळूरच्या जहागिरीवर आले. आणि स्पेनचे म्हणाल, तर १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजांच्या माथी होता. १५९४ साली खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला, तेव्हा त्यांचा धनी दुसरा फिलिप होता.

१७४० च्या तहाने हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि फिरंगी गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र त्यांची भाषा राहिली, आणि शेजारधर्माने पालटलीही: शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीसारखे वाक्याच्या अखेरीस. साळावच्या पुलावरून पलीकडे गेले की हे गाव लागते. तेथे एक अख्खी दुपार राखून ठेवा, एवढेच मी शेजाऱ्यांना आग्रहाने सांगतो.